करंगळीवर खुर्ची

कियावारीच्या कमानींखालून ओत्ताविया चालते
तेव्हा खिशातला फोन घरांनी जड झालेला असतो:
कुणाची मोरपंखी भिंत, कुणाचा संगमरवरी ओटा,
कुणाच्या दिवाणखान्यात अंड्यासारखा दिवा,
आणि कोपऱ्यात एक आरामखुर्ची,
जिच्यात बसलेलं कुणी
कुठल्याच फोटोत दिसलं नाही.

तिला एका वकिलाचं घर सजवायचंय, नेर्वीत, समुद्रासमोर.
नऊ खोल्या. कल्पना एकही नाही.
तीन आठवडे झाले,
झोपेतसुद्धा ती सोफे सरकवते.

इथल्या घरांवर खिडक्या रंगवलेल्या असतात:
अर्धी उघडी झडप, कुंडी, काठावर मांजर,
सगळं चुन्यावर, सगळं सपाट.
खरी खिडकी कुठली
ते दिवेलागणीलाच कळतं.

एर्सिलियाच्या दारावर पाटी नाही.
पायाखाली मात्र पाटीचाच दगड, काळा, गार.
भिजत घातलेल्या वाळुंजाचा वास,
आणि चेरीच्या लाकडाचा एक सांगाडा
म्हातारीच्या मांडीवर,
न्हाऊ घालायला घेतलेल्या पोरासारखा.

ती मान वर करत नाही.
"उचल ती," दाराजवळच्या खुर्चीकडे हनुवटी.
ओत्ताविया वाकते.
"अगं, दोन हात कशाला? करंगळीनं."

आणि खुर्ची उठते.
भरल्या घरातून कुणी चपला हातात घेऊन
पाय न वाजवता बाहेर पडावं
तशी उठते.
पाय अंगठ्याएवढे.
पाठीला तीन बारीक पट्ट्या, बाकी हवा.

"मोडत नाही ही?"
"मोडते ना. जिथं लाकूड जास्त ठेवलं तिथं मोडते.
आमचा गिल्दो म्हणायचा,
जड खुर्ची स्वतःच बसलेली असते,
ती माणसाला कुठली जागा देतेय?"

गिल्दोला जाऊन अकरा वर्षं झाली.
त्यानं केलेला शेवटचा सांगाडा
स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय.
बैठक विणलेलीच नाही.
त्या चौकोनी भोकातून
भिंतीचा पिवळा रंग दिसतो,
तेलाचा एक जुना डाग
आणि उलटी वाळत घातलेली ओरेगानोची जुडी.

ओत्ताविया फोन काढते, चौकट जुळवू लागते,
मग लक्षात येतं,
चौकट तर आधीच आहे.
फोन परत खिशात.

"ही का नाही विणलीत?"
म्हातारी पट्टीचं टोक दातात धरून ओढते.
एक वर, दोन खाली, परत एक वर.
उत्तर विणीत कुठं शिरलं, दिसत नाही.
"मी कशावर बसलेय ते बघ," खूप वेळानं म्हणते.
बुडाखाली
लिंबांची प्लास्टिकची पेटी.
दोघी हसतात. म्हातारी जास्त.

परतीच्या गाडीत, डावीकडे समुद्र,
वकिलाचा फोन लागतो.
"बारा नकोत, चारच खुर्च्या.
आणि पूर्वेची खोली रिकामी ठेवू या."
"रिकामी? मग तिथं करायचं काय?"
बोगदा येतो.
बोगदा जातो, हातभर समुद्र, पुन्हा बोगदा.
"हॅलो? तिथं काय करायचं, हॅलो?"

निघायच्या वेळी शेवटची पट्टी आत खोचून
म्हातारीनं ताज्या विणीवर तळहात थोपटला होता.
"बास्ता."
पुरे झालं.
मग तोच तळहात बाजूला सरकला,
बाकावर नव्या पोरीला जागा करून द्यावी तसा.
बस.
आणि ओत्ताविया बसली होती,
जरा भीतभीतच, श्वास आत ओढून,
जणू श्वासाचंही वजन होईल.

वाळुंज अजून ओलं होतं.
तिच्या स्कर्टवर, मागच्या बाजूला,
एक बारीक चौकडा उमटलाय.
तिला ठाऊक नाही.
समोरचा म्हातारा प्रवासी
ती उठते तेव्हा तो बघतो,
आणि का कोण जाणे,
स्वतःच्या सीटवर जरा सावरून बसतो.