पानाची आतली बाजू

हुमान्सडॉर्पच्या बाहेर, समुद्राचा खारा वारा
जिथे काचघराच्या फटींतून शिट्टी घालतो,
तिथे माझ्या नोकरीची पहिली सकाळ.
दोनशे कुंड्या, दोनशे पांढऱ्या पट्ट्या,
प्रत्येकीवर छापलेलं एकच नाव: फॅशिआटा.

"खोटं आहे," सार्लिना फेब्रुवारी म्हणाली.
"म्हणजे, सगळं नाही. बहुतेक."
आणि केसांत खोचलेली पेन्सिल उपसून
तिने कान खाजवला.

मला तर सगळ्या सारख्याच दिसल्या.
बोटभर उंचीचे हिरवे भाले, दाटीने उभे,
पाठीवर आडवे पांढरे पट्टे,
कुणी चुन्यात काडी बुडवून ओढावेत तसे.

"पाठ काय बघतोस, लुझुको? पाठ सगळेच दाखवतात."
माझं बोट धरून तिने पानाच्या पोटावरून फिरवलं.
खरखर. मांजराच्या जिभेसारखी.
"ही अटेन्युआटा. आत-बाहेर पुरळ."
मग सव्विसावी कुंडी. पाठीवर तेच पट्टे,
आत मात्र बोट नुसतं घसरत गेलं.
"ही फॅशिआटा. ही इथली. त्या टेकडीमागे,
आंबट मातीत, झुडपांच्या पायाशी वाढते.
दुकानात मिळते ती हिची चुलतबहीण,
हिच्या नावावर खपते."

अकराच्या सुमाराला टर्शियस आला, मालक.
"ट्रक चारला निघतो. जोहान्सबर्गचं गिऱ्हाईक
पान उलटून बघत नाही, सार्लिना."
ती पट्ट्या उपसत राहिली.

दुपारी तळलेला मासा आणि पाव.
"माझं आडनाव ठाऊक आहे ना?
आमचा कुणी पूर्वज जहाजातून उतरला फेब्रुवारीत.
विकत घेणाऱ्याला त्याचं नाव उच्चारता येईना."
मग, काटे वेगळे करत करत,
"आई आणि डोरा मावशी, एकाच पोटच्या.
कचेरीतल्या साहेबाने दोघींच्या केसांत पेन्सिल खुपसली.
मान हलव, म्हणाला.
मावशीची घसरून पडली.
आईची तिथेच राहिली.
मावशीला रुळांपलीकडे घर मिळालं.
सहा वर्षांची होते मी, दुकानात तिला हाक मारली.
तिने पर्स बंद केली
आणि दुकानदाराला विचारलं, ही कुणाची मुलगी?"

पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.
वारा शिट्टी घालत होता. मासा गार झाला होता.

चारपर्यंत एकशे त्र्याऐंशी पट्ट्या पालथ्या करून
आम्ही कोऱ्या बाजूवर लिहीत बसलो.
"शाई उन्हात उडते," ती म्हणाली. "शिसं टिकतं."
टर्शियस कपाळाला हात लावून दारात उभा.
ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला, झोपला.

एक कुंडी उरली.
पान आत गुळगुळीत, पण टोकाकडे
दोन-चार पुरळ, निघता निघता थांबलेले.
मी नखाने पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं,
शेजारच्या दोघींच्या मधे ठेवून पाहिलं.
"हिला काय लिहू?"

सार्लिनाने पेन्सिल परत केसांत खोचली.
माझ्याकडे बघत मान जोरात हलवली,
एकदा, दोनदा.
पडली नाही.
"हिला पाणी घाल," म्हणाली,
"आणि ती सावलीतली जागा दे."