पान सात, बाथरूमचं दार

आन्टे वुकासोविचचं पहिलं कोटेशन आलं
तेव्हा आम्ही ते फ्रिजवर लावलं होतं,
नातवाचं चित्र जरा खाली सरकवून.
दुसऱ्यात आकडा तेरा हजारांनी वाढला.
तिसरं मी क्लेमला दाखवलंच नाही.

बारीक अक्षरांत तळटीप होती:
पाया – अंदाजे रक्कम, माती पाहून.
मी म्हटलं, माती काय काल आली इथे?
आन्टे म्हणाला, मर्ल, माती जुनी, चाचणी नवी.
पोर्ट पिरीची ही चिकणमाती
पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात अंग चोरते,
आणि भिंती तडकतात तिच्या मर्जीने.
मी म्हटलं, फुगलेलं दिसतंय मला, कागदावरच.

मग महिनाभर ईमेल.
त्याचे तुटक, माझे लांबलचक,
मधेच त्याच्या बायकोचा एक, हिशेब तीच बघते,
फार सभ्य, म्हणून जास्त लागलेला.
वकिलाकडे पहिला अर्धा तास फुकट असतो,
तोही मी वापरून आले.

पण खरं भांडण पायाचं नव्हतंच.
पान सातवर बाथरूमचं दार होतं,
बहात्तर सेंटीमीटर.
मी सांगितलेले नव्वद.
तीनदा सांगितलं, तीनदा बहात्तरच आलं,
कारण नव्वद केलं की कपड्यांचं कपाट जातं.
आणि आन्टे विचारायचा, साधंच विचारायचा,
नव्वद कशाला?
क्लेम शेजारीच बसलेला असायचा
हात मांडीखाली दाबून,
थरथर दिसू नये म्हणून.
मी म्हणायचे, मला आवडतं मोठं दार.
असल्या उत्तरावर कोण भिंत हलवील?

रविवारी सकाळी आन्टे प्लॉटवर आला
खुंट्या, सुतळी, चुन्याची पिशवी घेऊन.
म्हणाला, कागदावर भांडून झालं,
आता जमिनीवर भांडू.
वाकून वाकून त्याने अख्खं घर आखलं,
खऱ्या मापाचं,
रेल्वेच्या कुंपणापासून सॉल्टबुशच्या झुडपांपर्यंत.
इथे ओटा. इथे तुमची खिडकी,
तोंड कारखान्याच्या धुराड्याकडे,
ज्याच्या पायाशी क्लेमने छत्तीस वर्षं शिसं गाळलं.
छप्पर नसलेल्या स्वयंपाकघरात मी उभी राहिले.
घर इतकंसंच? असं वाटलं,
ते मात्र बोलले नाही.

त्याने एक ढेकूळ उकरलं,
थर्मासमधलं पाणी ओतून माझ्या हातात दिलं: मळा.
बोटांपासून सुटेना.
बरं, म्हटलं, पाया तुझा खरा.
पण निम्मं तू सोस, चाचणी आधी करायची होतीस.
त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.
तिसरा हिस्सा, म्हणाला.

मग मी त्याची एकचाकी हातगाडी घेतली,
रिकामी,
पॅसेजमधून नेली, पान सातपाशी वळवली
आणि बहात्तरच्या दारातून घालायला गेले.
चाक आत गेलं. माझी बोटं भिंतीत.
मागे घेतली, पुन्हा वळवली. पुन्हा भिंतीत.
कुणी काही बोललं नाही.
आन्टे त्या रिकाम्या हातगाडीकडे बघत राहिला,
मग घडीच्या खुर्चीत टोपी डोळ्यांवर ओढून बसलेल्या क्लेमकडे,
मग चटकन दुसरीकडे.
बुटाने त्याने रेघ पुसली.

तेवढ्यात क्लेम बोलला, टोपी न हलवता:
पंच्याण्णव कर, पोरा.
मी वळताना आपटणार.

कपाट गेलं.
त्याचे पैसे वजा झाले की नाहीत
यावर आमचं अजून चालूच आहे,
कालच हिशेबवालीचा एक सभ्य ईमेल आलाय.
नव्या नकाशावर, पान सातच्या कोपऱ्यात,
तीन सह्या आहेत.
क्लेमची जरा कागदाबाहेर गेलीय.