एकसष्ट

मोजली तर एकसष्ट निघाली.
डॉक्टरला सिगारेटी सांगाव्यात
तशी मी लोकांना इतकी वर्षं चाळीस सांगत आले.

नव्या घराला दोन खोल्या. खिडकीतून
फ्लेन्सबुर्गची खाडी दिसते, चवड्यांवर उभं राहिलं तर.
एक टेबल, टेबलाला एक खण.
खणात सात पेनं मावतात.
आठवं आडवं घातलं तर खण लागत नाही.
तीनदा घालून पाहिलं.

मग सिंकशी उभी राहून एकेक धुवायला घेतलं.
देताना पेन कोरडं द्यावं.
आपली शाई दुसऱ्याच्या बोटांना कशाला?

बेडकाच्या रंगाचं सेल्युलॉइड,
हानोफरच्या बाजारात भर थंडीत घासाघीस करून घेतलेलं,
आणि घरी येऊन किंमत निम्मी सांगितलेली.
कुणाला? घरी तेव्हा फक्त मांजर होतं.
लाखेचं जपानी, अंगावर दोन सोनेरी मासे,
इतकं जपलं की बिचाऱ्याला
एक वाक्यही कधी धड लिहायला मिळालं नाही.
आणि नोंदणी कचेरीतलं काळं,
एकतीस वर्षं सह्या केलेलं:
उमटताना निळी, वाळता वाळता काळी पडणारी सरकारी शाई,
लग्नांना तीच, मरणांनाही तीच.
त्याच्या टोपणावर दातांच्या खुणा आहेत.
माझ्या नाहीत, असं मी शिकाऊ पोरींना सांगायची.

एवढ्या पेनांनी लिहिलंस काय, गेशे?
वह्या काढून पाहिल्या.
पानोपानी इंग्रजी आठ, आडवे, एकमेकांत अडकलेले,
आणि माझंच नाव,
गेशे लोरेन्त्सेन, गेशे लोरेन्त्सेन,
जाड, बारीक, जांभळं, शेवाळी.
घोडा रोज बाहेर काढावा,
अंगणात एक चक्कर मारावी
आणि परत बांधून टाकावा, तसं.

खालच्या मजल्यावरचा यानेक डावखुरा आहे,
करंगळीखालचा तळवा कायम निळा.
त्याला एक दिलं, तिरक्या निबेचं.
त्यानं पहिल्यांदा एक शिवी लिहिली,
मग माझ्याकडे पाहून म्हणाला, लिहितंय की!
माझ्या हातून त्या पेननं
इतकं मनापासून काही लिहिलं नव्हतं.

एकोणिसावं राखाडी होतं, साधं, बिननावाचं.
नळाखाली धरलं.
वाळलेली शाई आधी हट्ट करते,
मग एकदम सगळं सोडते.
तो निळा मी ओळखला.

मेल्फनं आईचं घर मला न विचारता विकलं
त्या हिवाळ्यात भरली होती ती,
त्याला लिहायला.
'प्रिय'पर्यंत पोचले. मग चहा टाकला.
मग मार्च आला.
आता दर रविवारी फोन होतो,
तो फ्योर बेटावरचा वारा सांगतो,
मी इथला.
दोघांकडेही वारा भरपूर आहे.

तेवीस वर्षं आत बसून राहिलेलं ते पत्र
बटाट्याच्या सालींवरून, एक अक्षर न फुटता,
मोरीतून खाडीकडे निघालं होतं.
मी नळ बंद केला.
ओलं पेन तसंच फडक्यात गुंडाळलं.

रात्री विकायच्या पेनांची यादी केली,
बँकेनं फुकट दिलेल्या बॉलपेननं.
बाकी सगळी टॉवेलवर पालथी वाळत पडली होती.

शनिवारी ऑर्हुसहून दाताचे डॉक्टर आले, केल्गोर.
स्वच्छ नखं, खिशात भिंग.
त्यांनी मासे घेतले, बेडूक घेतला,
कचेरीतलं काळं बोटांत फिरवून
दातांच्या खुणांवर किंचित हसले,
धंद्यातलं हसणं.
पैसे मोजून दिले. मी पुन्हा मोजले नाहीत.
दारापर्यंत गेले नि तिथून
खिडकीतल्या फडक्याकडे बोट दाखवलं:
आणि ते?

ते गळतं, मी म्हणाले.
हे काही अगदीच खोटं नव्हतं.