केसभर वर

ओविदिओने दुकानात दोन स्कॅनर काढले.
एक पाटीसारखा सडपातळ, संगणकाच्याच वायरीवर जगणारा.
दुसरा जुना, जाडजूड, वेगळा प्लग मागणारा,
दिवा तापेस्तोवर थांबा म्हणणारा.
मी सडपातळ उचलला.
घर लहान, टेबल त्याहून लहान,
आणि पुंता अरेनासच्या वाऱ्यात
जड खोकं घेऊन कोपरा वळायचं म्हणजे
नगरपालिकेने बांधलेला दोर धरायला
तिसरा हात लागतो.

माझं काम घरबसल्या. सात बोटींचे हिशोब.
खेकडेवाले पावत्या आणतात
बिस्किटांच्या डब्यात, बुटात, एकदा तर पावात.
डिझेल, दोर, मीठ, बर्फ.
ओल्या हातांनी घातलेली घडी
कोरडी झाली तरी सुटत नाही.

आठवड्यात कळलं,
सडपातळाला फक्त अंगाशी आलेलं दिसतं.
काचेला टेकलं ते लख्ख,
केसभर वर राहिलं ते धुकं.
वहीच्या शिवणीकडचे आकडे
हात वर करून बुडत गेले.
मी झाकणावर शब्दकोश ठेवला, इस्त्री ठेवली,
शेवटी कोपरं रोवून स्वतःच उभी राहिले.
वहीचा कणा मोडला.
आकडे आले नाहीत.

परत गेले. ओविदिओ हसला नाही, त्याचे उपकार.
म्हणाला, "येर्का, घडीच्या आत बघायचंय ना,
मग जाडा ने. त्याच्या पोटात आरसे आहेत, भिंग आहे,
त्याला थोडं लांबचंही दिसतं."
खोक्यावर ठळक छापलं होतं, नऊ हजार सहाशे.
"ते विसर. पावतीला तीनशे बिंदू पुरे, फोटोला सहाशे.
त्यापुढचं तो मनाचं घालून सांगतो,
माझ्या सासऱ्यासारखं."

तेव्हापासून सकाळी आधी दिवा,
मग मातेचं पाणी. दोन्ही एकदमच तयार होतात.
फवारा फडक्यावर मारायचा, काचेवर नाही.
एक कण राहिला तर
प्रत्येक पावतीवर त्याच जागी तेच टिंब,
आणि कर खात्यातली बाई फोन करते.
पातळ कागदामागे काळा कागद लावायचा,
म्हणजे पाठीवरचं पोटाशी उमटत नाही.
हे मला कुणी शिकवलं नाही.

व्लादोचा डबा मी सगळ्यात शेवटी उघडला.
भाऊ मार्चमध्ये गेला, इस्पितळात, कोरड्या पलंगावर.
बोट जूनमध्ये विकली.
खात्याचं वर्ष मात्र डिसेंबरला संपतं.

पावती एक्केचाळीस. पोर्वेनीर, डिझेल.
काळा कागद लावायला विसरले
आणि पडद्यावर रकमेच्या आरपार
पेन्सिलीच्या रेघा आल्या. उभ्या दोन, आडव्या दोन.
फुली-गोळा. तीन डाव.
वारा पडायची वाट बघत
धक्क्यावर बसून खेळलेले असणार.
पाठीमागचं उलटं दिसतं,
पण फुली उलटली तरी फुलीच, गोळा गोळाच.

व्लादो कायम फुली घ्यायचा.
मधलं घर आधी धरायचा,
लहानपणी मला एक डाव जिंकू दिला नाही त्याने.
इथे फुली तिन्ही डाव हरलेली.
समोर कोण होतं? एलिसेओ असेल,
सोळा वर्षांचा, पहिल्याच फेरीवरचा.

हरला की हरू दिलं,
तीनशेला कळेना, सहाशेला कळेना.
मग मी ओविदिओचं न ऐकता नऊ हजार सहाशे लावले.
यंत्र अकरा मिनिटं कण्हत राहिलं.
कागदाचे तंतू आले, शिशाची भुकटी आली,
एका फुलीपाशी पेन्सिल जरा थबकल्यासारखी.
किंवा तेही मनाचं घातलेलं.

काळा कागद लावून पुन्हा घेतली, साधी, तीनशेवर.
नाव दिलं: डिझेल ४१.
आधीचीला नाव सुचेना.
यंत्राने दिलेला नंबर तसाच राहू दिला.

बेचाळिसावी बर्फाची होती.