मजुरी कोनाले

अमरावती रोडच्या प्रयोगशाळेत
सूक्ष्मदर्शकाचा नंबर लागला रात्री अडीचला.
मे महिना. बाहेरचा डांबरी रस्ता
अजून दुपारच धरून बसलेला.
कुलरचं एक पातं सैल,
वाळ्याच्या वासासकट खडखडणारं.

सात महिने सोन्याचे कण
पॉलिमरच्या पातळ पडद्यात
नुसते गठ्ठे करून बसत होते,
बाजार बंद असला की इतवारीत
सराफ्याच्या ओट्यावर बसतात तसे.
मी तापवलं, ढवळलं, शिव्या घातल्या.

शेवटी कणांवरची झालर आखूड केली,
दोन कार्बन, बस.
भट्टी एकशे सत्तरवर, हवा काढून,
आणि तीन दिवस हात लावला नाही.
हे हात न लावणं
प्रबंधात कोणत्या शब्दांत लिहायचं
ते सरांनाही सांगता आलं नाही.

पडद्यातली प्रत्येक साखळी दोन स्वभावांची.
एका अर्ध्याला दुसरं नको,
पण गाठ अशी की सोडून जाताही येत नाही.
म्हणून ती सरकतात, सरकतात,
आपलं आपल्याकडे, परकं परक्याकडे,
आणि पट्टे पडतात:
केसाच्या जाडीत दोन हजार.
सोनं त्यातल्या एकाच पट्ट्यात शिरतं.
पडद्यावर ते दिसलं तेव्हा
ओरडायला तिथं कोणी नव्हतं,
फक्त चौकीदार धकाते, तोही पेंगलेला.

सकाळी छापील चित्र घेऊन तांडापेठेत आले.
बाबांचा माग विकून अकरा वर्षं झाली,
सूत मोजायचं पितळी भिंग मात्र
अजून बंडीच्या खिशात.
ते चित्रावर ठेवलं, एक डोळा मिटला.
बराच वेळ काही नाही.
मग डाव्या कोपऱ्यात नख टेकवून,
"इथं तार सुटली."

खरंच सुटली होती. दोन पट्ट्यांमध्ये
तिसरा अर्ध्यातच संपलेला.
रात्रभर बघूनही मला दिसला नव्हता.

"फणी कोनती?"
"फणी नाही, बाबा."
"धोटा कोन फेकला?"
"कोणीच नाही. आपोआप विणलं जातं."
आतून आईनं पोह्यांवर तर्री ओतल्याचा वास आला.
बाबांनी भिंग उचललं, धोतरानं पुसलं.
"मंग मजुरी कोनाले?"

मी म्हटलं, माझी शिष्यवृत्ती
तीन महिन्यांपासून अडकली आहे.
ते हसले नाहीत.
सुटलेल्या तारेपाशी भिंग परत ठेवून
उजवीकडं मोजत निघाले,
ओठ हलत होते,
पोहे गार होत होते.