दीड हात सावली

सोहारला आमच्या इमारतीमागे
उन्हाला न सापडलेली दीड हात जागा आहे.
तिथे पुरला भुईचाफ्याचा कंद,
मोज्यात लपवून आणलेला, आल्याएवढा.

पानं आली, गेली.
जानेवारीत उकरून पाहिलं,
बोटाला गार लागलं, एवढंच.
मग नाईट ड्यूट्या. विसरले.

एप्रिलात जुमा, आमचा पहारेकरी,
दार वाजवून म्हणाला,
"सिस्टर, तिकडे जमीन फाटलीय."

खरंच. पान नाही, देठ नाही,
मातीतूनच थेट जांभळं-पांढरं फूल,
आणि भोवती चार विटा,
कुणाचा पाय पडू नये म्हणून.

पाणी कुणी घातलं रे?
तो नळाकडे बघत राहिला.
पाच वेळा वजू करतो तो तिथेच.

मी वाकले.
याचा वास घ्यायचा
तर गुडघे टेकावेच लागतात.