पापण्या

पापांच्या जठरातला तांदळाएवढा तुकडा
पाच दिवस उबेत ठेवला होता.
आज थाळीवर दवासारखे ठिपके.
एक टिपून काचेवर घेतला
आणि पास्तोच्या या तिसऱ्या मजल्यावर
धुकं खिडकीला टेकलेलं असताना
त्यांना पोहताना बघत बसले.

मळसूत्री अंग, टोकाला शेपट्यांचा झुपका.
डोळे नाहीत. नाक नाही. नकाशा तर नाहीच.
एवढंच विचारता येतं त्यांना :
आत्ताचं हे, मघाच्यापेक्षा बरं का?
बरं असेल तर सरळ.
नसेल तर थबकायचं, उलटं फिरायचं,
भलतीकडे तोंड करून पुन्हा निघायचं.
आणि मघा म्हणजे कधी?
दोन-तीन सेकंदांपूर्वी. त्यामागचं सगळं पुसलेलं.

केसासारख्या नळीत युरिया भरला,
पापा बटाट्याला घालतात तोच,
आणि नळीचं तोंड त्यांच्यात बुडवलं.
हाक कुणी मारली नाही,
पण बघता बघता तोंडाशी पंगत बसली.
दुसऱ्या नळीत आम्ल.
तिच्याभोवती रिकामं रिंगण, वाळीत टाकल्यासारखं.

आतही असंच झालं असणार.
आम्लाकडे पाठ, भिंतीकडे तोंड,
चिकट अस्तराच्या खाली खाली,
आणि भिंतीवर कुठे ओरखडा असेल
तर तिथे सगळ्यात आधी.
जखम बोलते, लुसिदिया म्हणते,
आपल्याला ऐकू येत नाही एवढंच.

आई गेली त्या वर्षापासून
छातीखाली मूठ दाबून पापा म्हणायचे,
"आत अझुफ्राल पेटलाय."
आमच्या तुकेरेसवरचा तो डोंगर,
माथ्यावर गंधकाचं हिरवं तळं,
ज्यात मासा नाही.
ओरखडे कशाचे होते
ते भिंगाखाली दिसत नाही.

शुक्रवारी बसने आले.
खांद्यावर लोकरीची रुआना, पिशवीत चार पाव.
"बघू तरी माझे भाडेकरू."
टोपी काढून डोळा लावला. बराच वेळ.
"लांब आहेत गं. काळे. वाकडे. हलतायत."
पापा, त्या तुमच्या पापण्या आहेत.
इतके हसले की लुसिदिया दारातून डोकावली.
मग पुन्हा वाकले, आणि या वेळी
त्यांचा श्वास हळू झाला.
"हे माझं पोट आहे, हे यांना माहीत होतं?"
नाही.
"मग राग तरी कुणावर धरायचा."

चौदा दिवसांच्या गोळ्या मोजून दिल्या,
त्यातली एक आम्लाला आवरणारी.
घड्याळाच्या खिशात घातल्या त्यांनी,
जिथे घड्याळ कधीच नव्हतं.

खालच्या मजल्यावर कुणीतरी कांदा परतत होतं.
पापा जिन्यात थबकले,
चुकीच्या दाराकडे वळले,
थांबले, मागे फिरले.
मी कठड्याला रेलून
सवयीने सेकंद मोजत होते.